साडेतीन टनांत तीन माणसं, तीन सायकली आणि आल्प्स

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तीन वर्षांपूर्वी पुण्याहून स्टुटगार्टला आलात, नवराबायकोच्या प्रत्येकी २४ किलोच्या दोन इ-माउंटन बाइक, दहा वर्षांच्या मुलाची साधी सायकल, ऑगस्टात तीन आठवडे सुट्टी, सेकंडहँड मोटारहोम (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घ्यायचा विचार, आणि एकाच फेरीत रेशेन (ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची खिंड), गार्डा (इटलीतला तलाव), फिनाले (इटलीतलं समुद्रकिनाऱ्यावरचं गाव) सगळं उरकायचंय. सायकलींचा रॅक कोणता घेऊ, बॅटऱ्या कशा चार्ज करू, रात्री कुठे थांबू, बायकरला ट्रेल (डोंगरातल्या वाटा) कुठे मोकळे.

मी इथे चौदा वर्षं आहे, पहिले दोन उन्हाळे भाड्याची मोटारहोम घेतली, मग स्वतःची, आणि खरं सांगू का, ट्रेलवर जितका पडलो नाही तितका वजनाच्या बाबतीत तोंडावर पडलोय. म्हणून तुम्ही विचारलेलं सगळं सांगतो पण सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करतो.

तुमचं जर्मन लायसन्स बी क्लासचं असणार, म्हणजे ३,५०० किलोपर्यंतची गाडी. (तीन वर्षं झालीत म्हणजे इथलं लायसन्स काढलंच असेल असं धरतो, आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यावर सहाच महिने चालतं, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं.) आता पेपरवर गाडीचं वजन २,९२० लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो वा, ५८० किलो उरले, काय कमी आहेत का. त्या २,९२० मध्ये ७५ किलोचा ड्रायव्हर, डिझेल, गॅस आणि बहुतेक वेळा फक्त २० लिटर पाणी धरलेलं असतं. आधीच्या मालकाने लावलेली छत्री म्हणजे ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छत), सोलर, दुसरी बॅटरी, रॅक, हे झाले ११० किलो. वहिनी आणि मुलगा ९२. तीन सायकली ६०. पाण्याची टाकी २० वरून १०० लिटर केली की ८०. कपडे, बूट, हेल्मेट, नी पॅड, टूल्स ७०. भांडीकुंडी आणि खाणं ७०, कारण आपण मराठी माणसं निघताना दहा किलो तांदूळ आणि पाच किलो कणीक बरोबर घेतोच, इटलीत दुकानं नसल्यासारखं. टेबल-खुर्च्या २५, केबल, चाकाखालच्या पाचरी, टॉयलेटचं केमिकल वगैरे २५. बेरीज करा, ३,४५२. म्हणजे ४८ किलो शिल्लक. आणि यात मेख अशी की प्रत्यक्ष गाडी पेपरवरच्या वजनापेक्षा ५ टक्क्यांपर्यंत जड असली तरी कंपनीला ते नियमात चालतं. २,९२० चे ५ टक्के १४६. गेलं सगळं गणित.

माझं लहानपण उसाच्या पट्ट्यात गेलं, कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढली की शेतकरी श्वास रोखून आकड्याकडे बघत उभा राहायचा. माझी अवस्था पहिल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या भंगारच्या यार्डात तशीच झाली, फक्त उलटी, तिथे आकडा जास्त यावा म्हणून देव पाण्यात आणि इथे कमी यावा म्हणून. ३,६४० आला. बायको खाली उतरून उभी राहिली तरी ३,५८०. यार्डवाला हसला, म्हणाला सगळेच असे येतात, सुट्टीच्या आधी. त्या संध्याकाळी गाडीतून ज्या वस्तू बाहेर काढल्या त्यांची रांग अजून डोळ्यासमोर आहे, बिडाचा तवा, खलबत्ता, दोन जादा टायर, आणि मी "असू दे" म्हणून घेतलेला अख्खा टूलबॉक्स. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये पोलीस सुट्टीच्या दिवसांत मोटारहोम बाजूला घेऊन वजन करतात, आणि जास्त भरलं तर दंड तर आहेच, पण वजन कमी होईपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत, ते जास्त लागतं.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आतला पलंग, कपाटं नंतर, आधी मालकाला म्हणा की काट्यावर नेऊन दाखव. पुढचा ॲक्सल (चाकांचा आस) वेगळा, मागचा वेगळा. सी-१ लायसन्स (३,५०० किलोवरच्या गाड्यांचं) काढून गाडीची वजनमर्यादा ३,८५० किलो करून घेणं हा एक रस्ता आहे आणि लोक करतात, पण मग जर्मन ऑटोबानवर १०० ची मर्यादा लागते, ऑस्ट्रियात विन्येट (मोटरवेच्या टोलचा पास) चालत नाही, गो-बॉक्स नावाचं टोलचं यंत्र बसवावं लागतं, स्वित्झर्लंडचा करही वेगळ्या हिशोबाने. पहिल्याच वर्षी कशाला.

आता रॅक. मागच्या भिंतीवर सायकली लटकवल्या की ६० किलो म्हणजे ६० च असं वाटतं. नाही. फियाट डुकाटोच्या (जिच्यावर मोटारहोम बांधतात ती गाडी) लांब चासीत दोन ॲक्सलमधलं अंतर ४.०३ मीटर, सायकली मागच्या ॲक्सलच्या साधारण २.४ मीटर मागे, म्हणजे सीसॉच झाला. मागच्या ॲक्सलवर ६० ऐवजी ९६ किलो चढतात आणि पुढचा ॲक्सल ३६ किलोने उचलला जातो. पुढची चाकं ओढणारी गाडी, आणि त्याच चाकांवरचं वजन कमी. याचा अर्थ मला कळला तो एका ओल्या गवताच्या कॅम्पसाइटवर, रात्रभर पाऊस, सकाळी फर्स्ट गिअर टाकला तर चाकं जागच्या जागी गरगर आणि मागे चिखलाचे फवारे. शेजारचा डच माणूस चहाचा मग घेऊन बघत होता. शेवटी शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला, दोर बांधला, दोन मिनिटांत बाहेर. पैसे घेईना, बायकोने त्याला रव्याचे लाडू दिले. तेव्हापासून पाऊस दिसला की मी गवतावर रिव्हर्सने आत जातो, पुढची चाकं रस्त्याच्या कडेला कडक जागेवर राहतील अशी.

तुमच्यासारख्यांनी गॅरेजवालीच गाडी बघा, म्हणजे मागे पलंगाखाली मोठी डिकी असते ती. इ-बाइकचं हँडल रुंद असतं, ७८ ते ८० सेंटिमीटर, ते दाराच्या उंचीत बसतं का हे स्वतःची बाइक घेऊन जाऊनच बघा, टेपवर विश्वास ठेवू नका. सीटपोस्ट खाली केला, पुढचं चाक काढलं की बहुतेक बसते. गॅरेजलाही वजनाची मर्यादा असते, आणि तेही मागच्या ॲक्सलच्या मागेच, पण रॅकएवढं लांब नाही, शिवाय पाऊस लागत नाही आणि चोर बघत नाहीत. रॅकच लावायचा असेल तर बॅटऱ्या काढून आत ठेवा, वजनही उतरतं आणि पाणीही जात नाही. इटलीत गाडीच्या मागे बाहेर आलेल्या सामानावर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची पाटी लागते, ॲल्युमिनियमचीच घ्या, प्लॅस्टिकची स्पेनला चालते इटलीत वाद घालतात.

चोरीचं एक वाक्य, सायकली बाहेर ठेवून रात्री झोपू नका, आणि विमा घेताना रात्रीच्या चोरीची अट काय आहे ते वाचा, काही पॉलिसीत रात्री बाहेर ठेवलेली सायकल धरतच नाहीत.

ऑगस्टात फिनाले सोडा. तिथे समुद्रकिनाऱ्यावरची गर्मी, माणसांची गर्दी, आणि १५ ऑगस्ट, आपला स्वातंत्र्यदिन, तो त्यांचा फेरागोस्तो, अख्खी इटली त्या आठवड्यात घराबाहेर असते. फिनाले म्हणजे ऑक्टोबर नाहीतर मार्च-एप्रिल, जेव्हा आल्प्समध्ये बर्फ असतो आणि फिनालेला शर्टावर सायकल चालते. गार्डा तलाव समुद्रसपाटीपासून फक्त ६५ मीटरवर, तिथल्या रीव्हा गावात ऑगस्टमध्ये दुपारी एक वाजता चढावर जाल तर मे महिन्यात नागपुरात सायकल चालवल्याचं समाधान मिळेल. तीन आठवड्यांत तीन ठिकाणं करणारे लोक मी बघितलेत, त्यांची अर्धी सुट्टी सामान बांधण्यात जाते. एक बेस निवडा, बारा दिवस तिथे, मग खाली उतरत उतरत एखादा आठवडा.

तो बेस म्हणजे रेशेन-नाउडर्स, यात मला जराही शंका नाही. रस्ता सांगतो: स्टुटगार्टवरून फ्युसेन, तिथून फर्नपास घाट, इम्स्ट, लांडेक, आणि वर नाउडर्स. मोटरवे टाळून जुन्या रस्त्याने गेलात तर ऑस्ट्रियाची विन्येटही लागत नाही. फक्त शनिवारी जाऊ नका, फर्नपासवर शनिवारी जे होतं ते गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर होतं तेच. मंगळवार-बुधवारी पहाटे निघा. लांडेकनंतरच्या घाटात गाडी हळू चढते, मागे रांग लागली की जागा बघून बाजूला घ्या, लोक हात दाखवून जातात.

नाउडर्स ऑस्ट्रियात, साधारण १,४०० मीटरवर, खिंड ओलांडली की रेशेन इटलीत, आणि स्वित्झर्लंड शेजारीच. या तीन देशांच्या सांध्यावर लिफ्टने जोडलेल्या ट्रेलचं एक अख्खं जाळं आहे. बर्गकास्टेलच्या गोंडोलाने (रोपवेने) वर, तिथून प्लामोर्ट नावाच्या पठारावर, जिथे मुसोलिनीच्या काळात रणगाडे अडवायला रोवलेले खुंट अजून ओळीने उभे आहेत, गवतात, गायींच्या मध्ये. तिथल्या कड्यावर थांबायचं. खाली निळाशार रेशेन तलाव आणि पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा दिसतो. चौदाव्या शतकातला मनोरा आहे, १९५० साली वीज तयार करायला धरण भरलं आणि ग्राउन गाव पाण्याखाली गेलं, घरं पाडली, मनोरा तेवढा ठेवला. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ आठवलं, फरक इतकाच की पळसदेव बघायला पाणी उतरायची वाट बघावी लागते, आणि इथे कायम गर्दी फोटो काढत असते. सोबतचे जर्मन मित्र म्हणाले किती सुंदर, मी म्हटलं ज्यांची घरं गेली त्यांना विचारा.

तिथून खाली रेशेनला उतरायचा ट्रेल अवघड आहे, मुळं, मोठे दगड, तीव्र वळणं. मुलाला त्यावर नेऊ नका. ट्रेलची अडचण इथे एस-० ते एस-५ अशी मोजतात, एस-० म्हणजे सपाट मातीची वाट, एस-१ ला लहान मुळं-दगड, एस-२ ला पायऱ्या आणि अरुंद वळणं सुरू, त्यापुढचं आपल्यासाठी नाही, निदान पहिल्या वर्षी. सिंहगडच्या वाटेवर सायकल उचलून आणलेली असेल तर एस-२ म्हणजे काय ते अंदाजाने कळेल. मुलासोबतच्या दिवशी तलावाभोवती फिरा, नाहीतर आडिजे नदीच्या काठाने खाली व्हिन्शगाउमध्ये सफरचंदाच्या बागांतून उतरत जाणारा सायकलमार्ग धरा, उतारच उतार, मुलगा खूश, फक्त परतीला ट्रेनमध्ये सायकलसाठी जागा आहे का ते आधी बघा. व्हिन्शगाउचं खोरं आल्प्सच्या मानाने फार कोरडं, पाऊस कमी, म्हणून वर नाउडर्सला तीन दिवस भिजलात तर खाली लाच हे गाव बघा, तिथेही ट्रेल आहेत आणि बहुतेक वेळा ऊन असतं.

कुठे चालवू शकतो हा प्रश्न सगळ्यात चांगला विचारलात, बहुतेक जण विचारतच नाहीत. ऑस्ट्रियात १९७५ च्या वन कायद्याने जंगलातल्या रस्त्यावर पायी जायचा हक्क आहे, सायकलचा नाही, जो रस्ता सायकलसाठी उघडा अशी पाटी आहे तोच उघडा. तुमच्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे, हे तीन वर्षांत कोणी सांगितलं नसेल तर आता कळलं. स्वित्झर्लंडमध्ये, खासकरून ग्राउब्युन्डेन प्रांतात, पायवाटा दोघांच्या आहेत, बंदी असेल तिथे पाटी असते. चालणारा दिसला की ब्रेक, थांबा, ग्रुएझी (तिकडचा नमस्कार) म्हणा, त्याला जाऊ द्या.

इ-बाइक उतारावर जड, म्हणून ब्रेक. हजार-बाराशे मीटर सलग उतरताना साधे ऑरगॅनिक पॅड तापून गुळगुळीत होतात, लिव्हर हँडलला टेकतो आणि जीव घशात येतो. मेटलचे पॅड घाला, पुढे मोठी डिस्क, दोन जोड्या जादा ठेवा, तुमच्या मॉडेलचा डिरेलर हँगर (गिअरचा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) एक ठेवा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर बुजवायचं प्लग किट. बाकी दुरुस्तीचं दुकान प्रत्येक गावात आहे. हाच न्याय गाडीला. रेशेनवरून खाली मालस गावाकडे उतरताना तिसरा गिअर टाका, इंजिनला धरू द्या, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, जळका वास आला तर उशीर झालेला असतो. आणि स्टेल्व्हिओ घाट, २,७५७ मीटर, प्राद गावाकडून ४८ वळणं, फोटो बघून सगळ्यांना मोह होतो, मोटारहोम खाली ठेवा आणि इ-बाइकने चढा.

चार्जिंग. गाडीत १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॉट-अवर. तुमची सायकलची बॅटरी ७५० ची असेल तर इन्व्हर्टर आणि चार्जरमध्ये जे वाया जातं ते धरून एका सायकलला ९०० लागतात. म्हणजे एका रात्री एक बाइक, दुसरी नाही, आणि फ्रीज-दिवे-पंप वेगळे. छतावर २०० वॉटचं सोलर चांगल्या उन्हाच्या दिवशी ७०० ते ९०० देतं, ढगात फारच कमी. म्हणून सोपं करा, तुम्ही एक रात्र विजेशिवाय, दोन रात्री विजेच्या जागेवर असं लावा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच घ्या, स्वस्तातल्याने चार्जर जळतो, माझा जळलाय.

रात्री थांबण्याबाबत जर्मनीत एक समज आहे की कुठेही झोपा. पार्किंगला परवानगी असेल तिथे गाडी चालवायला ताजंतवानं होण्यापुरती एक रात्र चालते, पण खुर्च्या काढल्या, छत्री उघडली की ते कॅम्पिंग झालं. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतात कॅम्पसाइटच्या बाहेर कॅम्पिंगला बंदी आहे आणि उन्हाळ्यात सकाळी दारावर टकटक होते. श्टेलप्लाट्झ, म्हणजे मोटारहोमसाठी राखीव साधी जागा, पाणी भरायला, घाण पाणी सोडायला, टॉयलेटची कॅसेट रिकामी करायला, ती शोधा. कॅसेट दोन माणसं एक मूल धरून दोन-अडीच दिवसांत भरते, त्या वेळापत्रकाभोवतीच तुमचा प्रवास फिरणार आहे, रोमँटिक वाटत नसलं तरी. पाणी प्रवासात २०-३० लिटरच ठेवा, पोचल्यावर टाकी भरा. सायकल धुवायला टाकीचं पाणी वापरू नका, शेतात फवारणीला असतो तसा पाच लिटरचा हातपंप इथे बागकामाच्या दुकानात मिळतो, तोच ठेवा, पाच लिटरमध्ये दोन सायकली निघतात, बेअरिंगवर जोरात मारू नका.

गॅसची जर्मन ११ किलोची राखाडी बाटली इटलीत बदलून मिळत नाही, म्हणून भरलेल्या दोन घेऊन निघा. कुकर जरूर घ्या, १,५०० मीटरवर पाणी ९५ डिग्रीलाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवत बसाल आणि गॅस संपवाल. फक्त शिट्टीची वेळ सांभाळा. तिकडच्या कॅम्पसाइटवर दुपारी एक ते तीन शांततेची वेळ असते, मी एकदा दीड वाजता तीन शिट्ट्या काढल्या, तर समोरची आजी दार उघडून बाहेर आली, तिला वाटलं आमचा गॅस फुटतोय. भात-वरण वाढून दिलं तिला, तूप घालून. दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला येऊन म्हणाली, आज भांडं वाजणार नाही का.

आणि एक काम निघायच्या आधी. डोंगरात पडलात आणि हेलिकॉप्टर आलं तर त्याचं बिल सरकारी आरोग्य विमा पूर्ण देईल असं धरू नका, परदेशात तर नाहीच. अल्पाइन क्लबची फॅमिली मेंबरशिप घ्या, त्यात बचावाचा विमा येतो, माउंटन बायकिंग धरलंय का ते पॉलिसीत वाचा. नंबर पाठ करा: सगळीकडे ११२, ऑस्ट्रियाचा डोंगरबचाव १४०, स्वित्झर्लंडचा रेगा १४१४. मुलालाही पाठ करायला लावा, कारण तुम्ही पडाल तेव्हा फोन तोच लावणार.

या वर्षी विकत घेऊ की भाड्याने, तर भाड्यानेच. ऑगस्टात दिवसाला दीडशे युरोच्या आसपास जातील, जीव जळेल, पण तीन आठवड्यांत कळेल की तुम्हाला पलंग आडवा हवा की लांब, आणि मुलगा वर झोपतो की नाही. भाडं ठरवताना लेखी विचारा की रॅकवर किती किलो चालतील, कारण रॅक आहे म्हणतात आणि तो ५० किलोचा निघतो, दोन इ-बाइक बॅटरीसकट ४८, मग मुलाची सायकल आत उभी करून बांधावी लागते. त्या गाडीचं रिकामं वजन आणि दोन्ही ॲक्सलच्या मर्यादा मागून घ्या आणि मला पाठवा, सायकली कुठे टाकायच्या ते त्यावरून सांगतो.